सोनं तुमचं, वही कुणाची?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो.

‘भो, महिन्याला दोन हजार कसेबसे निघतात. म्हातारपणासाठी सोन्यात टाकायचे म्हणतो. कोणाकडे टाकू?’

विचारणारे कोण, तर केळीच्या गाडीत घड भरणारा मजूर, दारोदार फिरून पिग्मी गोळा करणारा एजंट, विनाअनुदानित शाळेतली बाई, अंगणवाडीतली मदतनीस, कारखान्यातून बाहेर पडलेला कामगार. थोडक्यात, ज्यांना सरकारी पेन्शन नाही आणि मिळण्याची आशाही नाही असे सगळे. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ईपीएस-९५ खाली किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये. हा आकडा २०१४ साली ठरला. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये. एवढ्यात बीपी-शुगरच्या गोळ्या येतात, भाकरी येत नाही. तेव्हा माणूस सोन्याकडे बघणारच. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाला टेकला आणि ज्याने कधी गुंजभर घेतलं नव्हतं त्यालाही वाटायला लागलं, आपली गाडी सुटली.

ही घाई ओळखायला बाजाराला वेळ लागत नाही. फलक लागले, वर्तमानपत्रात पुरवण्या निघाल्या, मोबाईलवर मेसेज सुरू झाले. कालपर्यंत लग्नसराईसाठी असलेली दुकानाची हप्त्याची योजना आज ‘म्हातारपणाची सोय’ म्हणून विकली जाते. मला राग येतो तो इथे.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘कोणाकडे टाकू’ हा प्रश्न नंतरचा. आधीचे प्रश्न दोन. पैसे दिले की माझ्या नावावर काय जमा होतं? आणि घेणारा उद्या बसला, तर ते मला कोण देणार? या दोन प्रश्नांचं लेखी उत्तर जिथे मिळत नाही, तिथे म्हातारपणाचा एक रुपयासुद्धा ठेवू नका. मग पेढी शंभर वर्षांची असो, मालक देवमाणूस असो, की ब्रँडच्या जाहिरातीत सिनेमातली नटी असो.

दुकानाची योजना : तुम्ही गिऱ्हाईक नाही, सावकार आहात

जळगाव ही सुवर्णनगरी. सोन्याच्या शुद्धतेबद्दल जळगावच्या पेढ्यांनी नाव कमावलंय, लोक विदर्भातून, मध्य प्रदेशातून इथे सोनं घ्यायला येतात. हे खोटं नाही आणि मी ते नाकारतही नाही. पण तो विश्वास कशाचा आहे ते बघा. तुम्ही पैसे दिले, त्यांनी दागिना दिला, व्यवहार तिथल्या तिथे मिटला. दागिना तुमच्या हातात, हॉलमार्क त्याच्यावर. फार तर तोलात, कसात फसाल, आणि तिथे पेढीचं नाव कामाला येतं.

हप्त्याच्या योजनेत व्यवहार उलटा असतो. तुम्ही आज पैसे देता आणि सोनं अकरा महिन्यांनी मिळणार असतं. मधल्या काळात तुमच्याकडे काय? एक छापील पुस्तिका, तिच्यावर शिक्के. म्हणजे तुम्ही दुकानदाराला उसने पैसे दिलेत. व्याज ठरलेलं नाही, तारण काही नाही. भो, तुम्ही गिऱ्हाईक राहिला नाहीत. तुम्ही बिनतारणाचे सावकार झालात! आणि जगातला हा एकच सावकार, जो कर्ज देताना कुळाला ‘काका, सांभाळून घ्या’ म्हणतो.

योजना अकराच महिन्यांची का, बाराव्याला दुकानदार ‘बोनस’ का देतो, याचा विचार केलाय? त्यामागे कायदा आहे. कंपन्यांच्या ठेवींबाबत २०१४ साली जे नियम आले, त्यांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ‘ठेव’ धरली जाते. ठेव म्हटली की बंधनं आली. म्हणून बहुतेक योजना वर्षाच्या आत आटोपतात. आता मला सांगा, जी योजना कायद्यानेच वर्षभराच्या पुढे जाऊ शकत नाही, ती पंधरा-वीस वर्षांनंतरच्या म्हातारपणाची सोय कशी काय झाली?

आणि एखादा म्हणत असेल की ‘आमच्याकडे पाच वर्षं ठेवा, वर्षाला इतके टक्के देऊ’, तर तिथून सरळ बाहेर पडा. परवानगीशिवाय अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तो माणूस तुम्हाला योजना सांगत नाहीये, गुन्हा सांगतोय.

आता हिशेब मांडू

महिना २,००० रुपये, अकरा महिने. झाले २२,०००. दुकानदार एक हप्ता स्वतःचा घालणार, म्हणजे २४,०००. ऐकायला झकास. आता या २४,००० चा दागिना घ्या. घडणावळ १२ टक्के धरा, वर सगळ्या बिलावर ३ टक्के जीएसटी. उलटा हिशेब केला की त्या बिलात निव्वळ सोनं निघतं सुमारे २०,८०० रुपयांचं. तुम्ही खिशातून दिले २२,०००. म्हणजे बोनस धरूनसुद्धा पहिल्याच दिवशी तुम्ही बाराशे रुपयांनी मागे. पुढे मोडायला गेलात की घट-तूट वेगळी. काही दुकानं बोनसऐवजी घडणावळीत सूट देतात, तिथे आकडे बदलतील. पण आकडे मांडून घ्या, बोनस या शब्दावर जाऊ नका.

दुसरी मेख याहून बारीक. तुमच्या पुस्तिकेत रुपये जमा होतात की ग्रॅम? पहिला हप्ता भरला तेव्हा भाव ग्रॅमला ८,००० होता आणि शेवटी १०,००० झाला असं धरू. ग्रॅम जमा होत असते तर पहिल्या दोन हजारांत पाव ग्रॅम तुमच्या नावावर पडलं असतं. रुपये जमा झाले, तर शेवटी त्याच दोन हजारांत २०० मिलिग्रॅमच येतं. मधलं ५० मिलिग्रॅम कुठे गेलं? दुकानदाराने तुमच्या पैशातून तेव्हाच माल भरून ठेवला असेल, तर भाववाढ त्याच्या गल्ल्यात. तुम्ही भाव वाढणार म्हणून पैसे टाकले आणि वाढ खाल्ली दुसऱ्यानेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तो हाच.

आपण केळी देताना काट्यावर किलोभरासाठी भांडतो. कटती किती, फरक किती, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, सगळं तोंडपाठ असतं. व्यापारी गाडी भरून गेला आणि पैसे बुडवले, असे किस्से या पट्ट्यात गावोगाव आहेत, त्यामुळे नव्या व्यापाऱ्याला आपण उधारीवर माल देत नाही. तोच माणूस सोन्याच्या दुकानात गेला की काटाही बघत नाही आणि वर्षभराची उधारी मात्र आनंदाने देऊन येतो!

बुडणारे आधी खूप चांगले दिसतात

ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली, ठाणे भागातल्या गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांना एका सकाळी कुलपं दिसली. लोकांनी मासिक हप्ते भरले होते, व्याजाच्या आशेने मोठ्या रकमाही ठेवल्या होत्या. नंतर मालकांना अटक झाली, पण अटकेने मुलीच्या लग्नाचं सोनं परत येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दारात तेच. तिथे तर खड्यांच्या नावावर आठवड्याच्या आठवड्याला परतावा मिळत होता. मिळत होता तोवर सगळेच हुशार होते.

पण जळगाव जिल्ह्याला हे समजवायला मुंबई-ठाण्याचे दाखले कशाला? आपल्याकडे पतसंस्थांचं काय झालं ते आपण पाहिलंय. भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे बीएचआर, आपल्याच जळगावची मल्टिस्टेट संस्था. २०१५ साली संस्थापक-संचालकांना अटक झाली, संस्था अवसायनात गेली. अवसायन म्हणजे निदान आता तरी ठेवीदाराचं भलं होईल असं वाटावं. तर २०२० साली पुणे पोलिसांनी त्या अवसायनाच्याच काळातल्या कारभारावरून कारवाई केली. ठेवीदारांच्या पावत्या कमी पैशांत घेऊन त्या कर्जफेडीत वळवल्या, मालमत्ता कवडीमोलाने गेल्या, असे आरोप झाले. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. ठेवीदाराचा निकाल मात्र तेव्हाच लागला. म्हातारी माणसं पावत्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं चकरा मारत राहिली.

त्या पतसंस्थांवर विश्वास का ठेवला होता? संचालक ओळखीचे होते, देवळाला देणगी देत होते, लग्नाला येत होते. हीच कारणं आज सोन्याच्या योजनेसाठी सांगितली जातात. लक्षात ठेवा, बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. दुकानातल्या हप्त्याला तर नाहीच नाही.

मोबाईलमधलं सोनं

पोरं म्हणतात, दुकान सोडा, ॲपवर घ्या. दहा रुपयांचंही सोनं मिळतं. मिळतं, खरंय. घेताना ३ टक्के जीएसटी जातो, खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत वेगळी. इथे रुपयांऐवजी मिलिग्रॅम जमा होतात, तेवढं दुकानापेक्षा बरं. पण दुसऱ्या प्रश्नाचं काय? कंपनी बसली तर कोण देणार?

८ नोव्हेंबर २०२५ रोजी सेबीने जाहीर इशारा दिला आहे की हे ‘डिजिटल गोल्ड’ त्यांच्या नियमनाखाली येत नाही, आणि गुंतवणूकदाराच्या संरक्षणाची जी व्यवस्था सेबीकडे आहे ती इथे लागू होणार नाही. कंपन्या तिजोरी दाखवतात, ट्रस्टीचं नाव सांगतात. असेलही सगळं ठीक. पण शेअर बाजाराची राखण करणाराच जाहीरपणे ‘इथे मी नाही’ म्हणतो, तिथे वीस वर्षांचा पैसा कोणत्या धीराने ठेवायचा? दिवाळीला गंमत म्हणून शंभर रुपयांचं घ्या. म्हातारपण त्यावर टाकू नका.

सरकार कुठे गेलं?

आता खरा राग. सामान्य माणसासाठी या देशात एक चांगली सोय होती. सुवर्ण रोखे, म्हणजे सॉव्हरिन गोल्ड बाँड. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला आला, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी. बँकेत मिळायचा, पोस्टात मिळायचा. घडणावळ नाही, जीएसटी नाही, चोरीची भीती नाही. हमी भारत सरकारची. मुदत आठ वर्षं. वर सुरुवातीच्या रकमेवर वर्षाला पावणेतीन, नंतरच्या रोख्यांना अडीच टक्के व्याज. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या पहिल्या रोख्याची परतफेड झाली ६,१३२ रुपयांनी. म्हणजे ज्याने दहा ग्रॅम घेतले त्याचे २६,८४० चे ६१,३२० झाले, मधलं व्याज वेगळं, आणि मुदतीअखेर नफ्यावर कर नाही.

माझे दोन्ही प्रश्न इथे सुटतात. जमा काय? ग्रॅम. देणार कोण? रिझर्व्ह बँकेमार्फत सरकार. कष्टकऱ्याच्या म्हातारपणाला यापेक्षा चांगली सोन्याची योजना या देशात झालेली नाही.

ती बंद पडली! फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटचा रोखा निघाला, ६,२६३ रुपये ग्रॅमने. त्यानंतर नवा नाही. कारण सांगितलं गेलं की सोन्याचा भाव वाढल्यामुळे ही उधारी सरकारला महाग पडते. अहो, भाव वाढतो म्हणूनच तर लोक सोनं घेतात! सरकारला महाग पडलं ते गरिबाला स्वस्त पडत होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि महाग पडलं ते कुणामुळे, तेही विचारा. सुरुवातीला एका माणसाला वर्षाला ५०० ग्रॅमपर्यंत रोखे घेता येत होते. २०१७ साली ही मर्यादा ४ किलो केली. वर्षाला चार किलो सोनं घेणारा मजूर सावद्यात दाखवा. मर्यादा श्रीमंतांसाठी वाढवली, ओझं झाल्यावर योजना सगळ्यांसाठी बंद केली. वर्षाला दोन-चार ग्रॅम घेणाऱ्या बाईने सरकारचं काय बुडवलं होतं? दार मोठ्यांसाठी सताड उघडायचं आणि गर्दी झाली म्हणून लहानांच्या तोंडावर लावायचं, हा कुठला न्याय?

तुम्ही हे दार लावलंत म्हणून तो माणूस दुकानाच्या पुस्तिकेकडे आणि ॲपकडे गेला. मग परत तुम्हीच इशारे काढता की बाबांनो जपून. जपून जायला रस्ता कोणता ठेवलाय?

मग आज करायचं काय?

नुसती टीका करून पोट भरत नाही, म्हणून सांगतो. मी कुणाचा एजंट नाही, कंपनीचं नाव घेणार नाही.

पहिलं म्हणजे सोन्याला पेन्शन समजू नका. सोनं दर महिन्याला काही देत नाही. औषध आणायचं तर ते मोडावंच लागतं, आणि गरज पडेल त्या दिवशी भाव चांगला असेलच असं नाही. ‘सोनं पडते का भो कधी?’ पडतं. सप्टेंबर २०११ मध्ये जगाच्या बाजारात सोनं औंसाला १,९०० डॉलरच्या वर गेलं होतं. २०१५ च्या डिसेंबरात ते १,०५० च्या आसपास होतं. जुना उच्चांक पुन्हा दिसायला २०२० उजाडलं. नऊ वर्षं! रुपया घसरत राहिला म्हणून आपल्याला तेवढा चटका बसला नाही, इतकंच. साठाव्या वर्षी सोनं मोडणाऱ्याला नऊ वर्षं थांबायला वेळ कुठे असतो?

म्हणून आधी महिन्याचं उत्पन्न देणारं काहीतरी हवं. वय चाळिशीच्या आत असेल आणि आयकर भरत नसाल, तर अटल पेन्शन आहे. तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिना ५७७ रुपयांत साठीनंतर दरमहा ५,००० रुपये. चाळिसाव्या वर्षी तेवढ्याच पेन्शनला १,४५४ लागतात. साठी ओलांडली असेल तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ८.२ टक्के दराने लाखाला तिमाही २,०५० रुपये हातात येतात. हे आधी. दोन हजार निघत असतील तर त्यातले चार-पाचशेच सोन्यात, असं माझं मत.

ते चार-पाचशे कुठे? माझ्या दोन प्रश्नांना आज सगळ्यात बरं उत्तर देतो तो म्युच्युअल फंडाचा गोल्ड फंड किंवा गोल्ड ईटीएफ. २००७ पासून आपल्याकडे आहे. फंड चालवणारी कंपनी वेगळी, विश्वस्त वेगळे, सोनं सांभाळणारा कस्टोडियन वेगळा, आणि वर सेबीची नजर. फंड कंपनी बसली तरी ते सोनं तिच्या देणेकऱ्यांना जात नाही. जमा होतात ती युनिटं, म्हणजे त्या दिवसाच्या भावाचं सोनंच. घडणावळ नाही. वर्षाला ठरावीक टक्क्यांत खर्च कापतात. ईटीएफला डीमॅट खातं लागतं, पण छोट्या खातेदारासाठी ‘बेसिक’ डीमॅट असतं, चार लाखांपर्यंत त्याची वार्षिक फी नाही. डीमॅट नको असेल तर गोल्ड फंडात महिन्याची एसआयपी लावता येते. त्यात ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन प्रकार असतात. रेग्युलरमध्ये एजंटाचं कमिशन तुमच्या पैशातून जातं. आणि भावाची जोखीम इथेही आहेच, ती कुणी घालवू शकत नाही.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या ‘गोल्ड आयआरए’चं नाव ऐकलं असेल. निवृत्तीच्या खात्यात खरं सोनं. तिथे कायदाच म्हणतो की ते सोनं बँकेच्या किंवा मान्यताप्राप्त ट्रस्टीच्या ताब्यात हवं. एका बाईंनी ती नाणी घरात ठेवली, तर २०२१ साली तिथल्या कर न्यायालयाने ती रक्कम खात्यातून काढल्यासारखीच धरली. म्हणजे विकणारा एक, सांभाळणारा दुसरा, हे तत्त्व तिकडेही. पण तिथला एक दोषही बघून ठेवा. उघडणावळ, सांभाळणावळ अशी फी अनेक ठिकाणी ठोक असते. पन्नास हजार डॉलरवाल्याला ती जाणवत नाही, पाच हजारवाल्याचं खातं कुरतडते. धडा आपल्यालाही लागू: छोटी रक्कम असेल तर ठोक फीपेक्षा टक्क्यातली फी बरी.

‘पण हातातलं सोनं ते हातातलं!’

हा मुद्दा बायका मांडतात आणि तो मला पटतो. फंडातले पैसे नवऱ्याने सही घेऊन काढले, पोराने मोबाईल हातात घेऊन काढले, असं घडतं. गळ्यातली पोत बाईची स्वतःची असते. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, बाईच्या नावावर काय, तर अंगावरचं. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू की माई, ते सोड आणि युनिटं घे?

तर माईने हातातलंच घ्यावं. फक्त हप्त्याने दुकानात ठेवू नये. पैसे स्वतःच्या बँक किंवा पोस्टाच्या खात्यात साठवावे, वर्षाने जाऊन रोख व्यवहारात वेढणं किंवा नाणं घ्यावं, जिथे घडणावळ कमीत कमी. दागिन्यावर तीन गोष्टी बघाव्या: बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. पक्कं बिल घ्यावं. बँकेतून नाणं घेणार असाल तर ध्यानात ठेवा, बँक ते विकते, परत घेत नाही.

दुकानाची योजनासुद्धा मी सरसकट वाईट म्हणत नाही. सहा महिन्यांनी मुलीचं लग्न आहे, दागिना घ्यायचाच आहे, हाती पैसा टिकत नाही, तर घ्या, मर्यादेत घ्या. पण तिला लग्नाची भिशी म्हणा. पेन्शन म्हणू नका.

पाच प्रश्न, कागदावर

कुणीही ‘सोन्यात टाका’ म्हणालं की हे विचारा.

१. माझ्या नावावर रुपये जमा होणार की ग्रॅम?
२. सोनं कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात? विकणारा आणि सांभाळणारा एकच आहे का?
३. ही योजना कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या नियमनात? तक्रार कुठे करायची?
४. आज घेऊन आजच परत दिलं तर शंभरातले किती हातात येतील?
५. मी गेलो तर माझ्या बायकोला काय आणि किती दिवसांत मिळेल? नॉमिनी लावता येतो का?

उत्तर तोंडी नको. ‘विश्वास नाही का काका?’ असं कुणी म्हणालं तर सांगा, विश्वास आहे, म्हणूनच लिहून मागतोय. ज्याचा हिशेब सरळ असतो त्याला सही करायला जड जात नाही.

आणि मागण्या

केंद्र सरकारने सुवर्ण रोखे पुन्हा सुरू करावेत, फक्त छोट्यांसाठी. एका घराला वर्षाला दहा ग्रॅमची मर्यादा घाला, पोस्टातून द्या, हवं तर व्याज कमी करा. चार किलोवाल्यांना खुशाल वगळा. आपल्या खासदार-आमदारांनी हे एकदा तरी मांडावं, केळीच्या विम्याइतकंच हेही या भागातल्या माणसाचं आहे.

जिल्हा प्रशासनाने सोन्याच्या प्रत्येक हप्ता योजनेबद्दल दुकानात ठळक फलक सक्तीचा करावा: या रकमेला विमा नाही, ही ठेव नाही, मुदत इतकी, परतावा असा. दुकान बुडाल्यावर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा काढून काय उपयोग? ती पंचनाम्याची कारवाई झाली.

सराफ बांधवांनो, रागावू नका. तुमच्यातले प्रामाणिक लोक मला माहीत आहेत. त्यांनीच पुढाकार घ्यावा. हप्ता आला की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम लिहा, योजनेचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा, आणि तसं जाहीर करा. मी स्वतः बातमी करतो, फुकट.

आणि आमच्या धंद्यातल्या मित्रांनो, पहिल्या पानावर सोन्याची जाहिरात आणि सातव्या पानावर ‘गुंतवणूकदारांची फसवणूक’, हे दोन्ही एकाच अंकात फार काळ शोभत नाही. जाहिरातीशिवाय अंक निघत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ‘म्हातारपणाची सोय’ हे शब्द छापण्याआधी वरच्या पाचातला एक तरी प्रश्न जाहिरातदाराला विचारा.

सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. आयुष्यभर उन्हात राबून जमवलेला पैसा आहे, ओळखीच्या माणसाच्या भिडेखातर तो द्यायचा नसतो. उद्या हप्ता भरायला जाणार असाल तर ती पुस्तिका सोबत न्या आणि पहिला प्रश्न विचारा: यात रुपये लिहिलेत की ग्रॅम? काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. दुकानाचं नाव लिहू नका, उत्तर तेवढं लिहा. पंचवीस-तीस उत्तरं जमली की ती घेऊन मी तहसीलदारांकडे जातो.